रोमविरुद्धच्या बंडातली घरची फूट

इ.स. ९ मध्ये ट्यूटोबर्गच्या जंगलात रोमन सेनापती वारुसच्या तीन लीजन (सैन्यदलं) गारद झाल्या. नेटफ्लिक्सवर २०२० साली आलेली ‘बार्बेरियन्स’ ही जर्मन मालिका याच लढाईवर बेतलेली आहे. तिचं बळ लढाईच्या दृश्यांत नाही, तर जर्मानिक जमातींमधली फूट ती लपवत नाही, यात आहे. बंडाचा सूत्रधार आर्मिनियस स्वतः रोमन सैन्यातला अधिकारी होता. त्याच्याच चेरुस्की जमातीतल्या सेगेस्टेसने वारुसला कटाची आगाऊ खबर दिली होती, असं रोमन इतिहासकार टॅसिटस सांगतो. १९व्या शतकातल्या राष्ट्रवादाला मात्र एकसंध जर्मनांचा नायक हवा होता. डेटमोल्डजवळ १८७५ मध्ये आर्मिनियसचा भव्य पुतळाही उभा राहिला.

मालिकेने वारुसला आर्मिनियसचा मानलेला बाप केलं, फोल्कविन हे पात्र तर चक्क रचलं, हा आक्षेप रास्तच. पण या लढाईची लेखी साधनं सगळी रोमन बाजूची आहेत. जमातींची मनं दाखवायची तर कल्पनेला पर्याय नाही. खटकतं ते निराळंच. बापलेकाच्या वैरात करवसुली आणि रोमन कायद्याची जाचक सक्ती ही खरी कारणं मागे पडतात. घरची फूट तर इतकी खोल होती की आर्मिनियसचा शेवटही रोमनांच्या हातून झाला नाही. त्याला त्याच्याच नातलगांनी मारलं.