लहान कचेरीसाठी बिनतारी लेसर प्रिंटर

कचेरी लहान असली म्हणजे तिचे कागदही थोडेच असणार, असा एक समज आहे. तो कितपत खरा, हे कोणत्याही संस्थेच्या चिटणीसांना विचारावे. देणगीच्या पावत्या, सर्वसाधारण सभेच्या नोटिसा, शिष्यवृत्तीचे अर्ज, वैद्यकीय मदतीची प्रकरणे, हिशेबतपासनिसांनी मागितलेली पत्रके, सभेचे इतिवृत्त आणि वार्षिक अहवालाची कच्ची प्रत एवढे तरी कागद वर्षभर चालूच असतात. एके काळी ही कामे टंकलेखन यंत्र, कार्बन कागद आणि सायक्लोस्टाईल यांवर भागत. आता ती संगणकावर होतात आणि प्रिंटरमधून बाहेर पडतात. यंत्र जुने झाले की नव्याचा ठराव कार्यकारी मंडळापुढे येतो, तीन दरपत्रके मागविली जातात, सर्वांत कमी रकमेचे दरपत्रक मंजूर होते. आणि वर्ष संपण्याच्या आत टोनरची बिले पाहून खजिनदार कपाळाला हात लावतात.

सार्वजनिक पैशाने वस्तू घेताना कमीत कमी खर्च पाहणे हे विश्वस्तांचे कर्तव्यच होय. परंतु खर्च यंत्राचा पाहावयाचा की छापल्या जाणाऱ्या पानाचा, हे आधी ठरले पाहिजे. प्रिंटर एकदाच विकत घेतला जातो. पान मात्र रोज विकत घ्यावे लागते. ही गोष्ट ध्यानात घेऊन बिनतारी लेसर प्रिंटरची निवड कशी करावी, याचा विचार येथे केला आहे.

यंत्राची घडण

लेसर प्रिंटरमध्ये पातळ शाई नसते. त्यात टोनर, म्हणजे प्लास्टिकची अतिसूक्ष्म काळी पूड असते. यंत्रात एक ड्रम फिरत असतो. त्याच्या पृष्ठभागावर स्थिर विद्युत्‌भार दिलेला असतो. लेसरचा किरण अक्षरांच्या आकारात त्या भारात फरक घडवितो, आणि जेथे अक्षर उमटावयाचे तेवढ्याच जागी पूड चिकटते. ती पूड पुढे कागदावर येते आणि सुमारे २०० अंश सेल्सिअसपर्यंत तापलेल्या भागातून जाताना वितळून कागदात पक्की बसते. म्हणूनच नुकताच निघालेला कागद हाताला ऊन लागतो, आणि त्यावर पाण्याचा थेंब पडला तरी अक्षर फुटत नाही. पावत्या आणि दाखले वर्षानुवर्षे जपून ठेवावे लागतात, त्या दृष्टीने हा गुण मोलाचा आहे.

या विद्येचा उगम अमेरिकेतला. चेस्टर कार्लसन यांनी २२ ऑक्टोबर १९३८ रोजी न्यूयॉर्कमधील अस्टोरिया येथे कोरड्या पुडीने पहिली प्रतिमा उमटविली. त्यांच्या शोधावर वाढलेल्या झेरॉक्स कंपनीचे नाव पुढे आपल्या भाषेत कागदाच्या नकलेलाच पडले. त्याच कंपनीतील गॅरी स्टार्कवेदर यांनी या तंत्राला लेसरची जोड दिली, आणि १९७७ साली झेरॉक्स ९७०० हे यंत्र आले. ते मिनिटाला १२० पाने छापी. पण ते मोठ्या उलाढालीच्या कंपन्यांनीच घ्यावे असे होते. १९८४ साली ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीचा लेसरजेट आला, तेव्हा लेसर प्रिंटर टेबलावर मावू लागला. त्याची किंमत ३,४९५ डॉलर होती आणि वेग मिनिटाला ८ पाने. आज सामान्य कचेरीतला प्रिंटर याच्या तिप्पट वेगाने सहज छापतो.

शाईचा प्रिंटर घ्यावा की लेसर, असा प्रश्न नेहमी येतो. रंगीत पाने पुष्कळ लागत असतील, तर शाईच्या टाकीचे प्रिंटर पानामागे स्वस्त पडतात. परंतु सुटीत कचेरी तीन-चार आठवडे बंद राहिली, तर शाई बारीक छिद्रांत सुकून बसते. टोनर मुळातच कोरडा असल्यामुळे त्याला ही भीती नाही. ज्यांचे बहुतेक काम काळ्या अक्षरांचे आहे, त्यांनी एकरंगी लेसरच घ्यावा आणि वर्षातून एकदा लागणाऱ्या रंगीत निमंत्रणपत्रिका छापखान्याकडे द्याव्यात. रंगीत लेसरला एकाच्या जागी चार टोनर लागतात, हे विसरू नये.

पानाचा हिशेब

खरेदीपूर्वी पहिले काम आपल्या कपाटापाशी करावयाचे. गेल्या बारा महिन्यांत कागदाची किती रिमे आणली, हे बिलांवरून पाहावे. एका रिमात ५०० ताव असतात. दहा रिमे लागली असतील आणि एकाच बाजूने छापले असेल, तर महिन्याला सुमारे ४०० पाने झाली. हा आकडा हाती आला की दरपत्रके वाचता येतात.

आता एक उदाहरण घेऊ. यातील किमती हिशेबाची रीत कळावी म्हणून धरल्या आहेत. बाजारभाव ज्याचा त्याने विचारावा. पहिले यंत्र १२,००० रुपयांचे. त्याचा टोनर ३,००० रुपयांना मिळतो आणि १,००० पाने चालतो. दुसरे यंत्र २०,००० रुपयांचे. त्याचा टोनर ३,६०० रुपयांना आणि ३,००० पाने चालणारा. दुसऱ्या यंत्राचा ड्रम वेगळा आहे; तो १२,००० पानांनंतर बदलावा लागतो आणि ६,००० रुपयांना पडतो. महिन्याला ४०० म्हणजे पाच वर्षांत २४,००० पाने. पहिल्या यंत्राला २४ टोनर लागतील. त्यांचे ७२,००० आणि यंत्राचे १२,००० मिळून ८४,००० रुपये. दुसऱ्याला ८ टोनरचे २८,८००, एका नव्या ड्रमचे ६,००० आणि यंत्राचे २०,००० मिळून ५४,८०० रुपये. दरपत्रकात आठ हजारांनी महाग दिसलेले यंत्र अखेरीस २९,२०० रुपयांनी स्वस्त ठरले. एवढ्या रकमेत कित्येक मुलांची वह्या-पुस्तके येतील.

याचा अर्थ महाग यंत्र नेहमीच चांगले, असा मात्र करू नये. महिन्याला ४० पानेच छापणाऱ्या कचेरीची पाच वर्षांत २,४०० पाने होतील. तेथे पहिले यंत्र तीन टोनरसह २१,००० रुपयांत भागेल आणि दुसरे एका टोनरसह २३,६०० रुपयांना पडेल. सारांश, दोन्ही निर्णय बरोबर असू शकतात. पाने मोजल्याशिवाय घेतलेला निर्णय तेवढा चुकीचा.

टोनर किती पाने चालेल, हा आकडा आयएसओ १९७५२ या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे दिलेला आहे का, ते पाहावे. ही मोजणी ज्या नमुना पानावर होते, त्यावर काळा भाग सुमारे ५ टक्केच असतो. ठळक शीर्षपत्र, चौकटींची पत्रके आणि छायाचित्रे छापणाऱ्यांना त्याहून कमी पाने मिळतील. यंत्राबरोबर येणारा पहिला टोनर पुष्कळदा कमी भरलेला असतो, म्हणून तो किती पानांचा आहे हेही लेखी घ्यावे. माहितीपत्रकात महिन्याला हजारो पानांची कमाल क्षमता लिहिलेली असते. तिच्यावर जाऊ नये. शिफारस केलेली मासिक पाने वेगळी आणि पुष्कळ कमी असतात.

अक्षर, कागद आणि वीज

देवनागरी लिपीची परीक्षा इंग्रजीपेक्षा कठीण. अनुस्वाराचा टिंब, रफार, उकार आणि जोडाक्षरांतील बारीक रेघा इंचाला ६०० ठिपक्यांच्या छपाईत सामान्यतः चांगल्या उमटतात. १२०० ठिपक्यांत अधिक रेखीव. तरीही माहितीपत्रकावर विसंबू नये. आपलीच पावती आणि बारीक अक्षरांचे एक पत्रक पीडीएफ करून दुकानात न्यावे आणि तेथेच छापून पाहावे. पीडीएफमध्ये अक्षरांचा साचा सोबत राहतो, त्यामुळे दुसऱ्याच्या संगणकावर मराठीचा विचका होण्याचा संभव उरत नाही. टोनर वाचविण्याची सोय कच्च्या प्रतीसाठी वापरावी, पावतीवर नव्हे. फिकट पडलेला अनुस्वार एकवचनाचे अनेकवचन आणि अनेकवचनाचे एकवचन करून ठेवतो.

दोन्ही बाजूंनी आपोआप छापण्याची सोय असणे हिताचे. टोनर तेवढाच लागतो, पण कागद जवळजवळ निम्मा होतो आणि फायलीही आटोपशीर राहतात. सर्वोच्च न्यायालयानेही एप्रिल २०२० पासून ए-फोर कागद आणि दोन्ही बाजूंची छपाई स्वीकारली आहे. ट्रेमध्ये किमान २५० ताव मावावेत आणि पाकिटे घालण्यास वेगळी फट असावी. ओळखपत्रांच्या नकला रोज लागत असतील, तर स्कॅन व झेरॉक्सची सोय असलेले यंत्र घ्यावे. मात्र एक भाग बिघडला तर तिन्ही कामे एकदम अडतात, हे जाणून घ्यावे.

विजेबाबत एक सूचना. कागद तापविण्यासाठी यंत्र थोडा वेळ एकदम पुष्कळ वीज ओढते. म्हणून लेसर प्रिंटर संगणकाच्या लहान यूपीएसला जोडू नये. त्याला भिंतीतील स्वतंत्र, चांगल्या अर्थिंगचा प्लग द्यावा.

बिनतारी म्हणजे काय

बिनतारी प्रिंटर रेडिओलहरींनी राउटरशी जोडला जातो आणि राउटरवरील सर्व संगणक व मोबाइल त्याला काम सांगू शकतात. कित्येक प्रिंटर फक्त २.४ गिगाहर्ट्झ या पट्ट्यावर चालतात. हा पट्टा भिंतीतून ५ गिगाहर्ट्झपेक्षा बरा जातो, पण त्यावर गर्दीही अधिक. आपल्याकडील जुन्या वाड्यांच्या जाड भिंतींपुढे दोन्ही थकतात. सबब, प्रिंटर राउटरच्या जवळ ठेवावा, आणि बिनतारी यंत्र घेतानाही त्याला तारेने जोडण्याची, म्हणजे लॅनची, जागा आहे ना हे पाहून घ्यावे. राउटरमध्ये प्रिंटरचा पत्ता कायम करून ठेवला, तर ‘प्रिंटर सापडत नाही’ ही रोजची तक्रार बव्हंशी मिटते.

मोबाइलवरून छापण्यासाठी ॲपलची एअरप्रिंट ही पद्धत २०१० पासून आहे आणि अँड्रॉइडसाठी मोप्रिया. दोन्हींचा उल्लेख यंत्रावर असावा. छपाई कचेरीतल्या कचेरीत, इंटरनेट नसतानाही झाली पाहिजे. गूगलची क्लाउड प्रिंट ही सेवा ३१ डिसेंबर २०२० रोजी बंद झाली, तेव्हा केवळ तिच्यावर विसंबलेल्यांना दुसरी वाट शोधावी लागली. जे यंत्र कंपनीच्या खात्याशी सतत जोडलेले असल्यावाचून चालत नाही, किंवा मूळ टोनरखेरीज दुसरा स्वीकारत नाही, त्याची ही अट खरेदीपूर्वी समजून घ्यावी.

कागद कोणाच्या हाती पडतो

येथवर पैशाचा विचार झाला. परंतु संस्थेच्या कचेरीत असेही कागद येतात, की जे अर्जदाराने आपल्या सख्ख्या भावालाही दाखविलेले नसतात. शस्त्रक्रियेसाठी मदत मागणारा अर्ज, उत्पन्नाचा दाखला, रुग्णालयाचे बिल हे त्यांतलेच. बिनतारी सोयीमुळे आज्ञा देणारा एका खोलीत असतो आणि कागद दुसऱ्या खोलीत निघतो. मधल्या दोन मिनिटांत बाकावर बसलेला कोणीही तो वाचू शकतो. मदत मागणाऱ्याची आब राखणे हा मदतीचाच भाग आहे. म्हणून प्रिंटर येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या वाटेवर ठेवू नये; आणि शक्य तर यंत्रापाशी जाऊन पिन दाबल्यावरच कागद बाहेर येईल, अशी सोय असलेले यंत्र घ्यावे.

दाराला कुलूप लावतो, तसे यंत्रालाही लावावे. नोव्हेंबर २०१८ मध्ये एका व्यक्तीने इंटरनेटवर उघडे राहिलेले जगभरचे प्रिंटर हुडकून त्यांवर आपला मजकूर छापला. अशी यंत्रे पन्नास हजार होती, असा त्याचा दावा होता. त्यात नुकसान झाले ते कागदाचे. पण दार उघडे होते, हे त्याने दाखवून दिले. म्हणून यंत्राबरोबर आलेला परवलीचा शब्द पहिल्याच दिवशी बदलावा. राउटरवर डब्ल्यूपीए-२ किंवा डब्ल्यूपीए-३ ही सुरक्षा ठेवावी. डब्ल्यूपीएस या झटपट जोडणीतील आठ आकडी पिनचा दोष २०११ सालीच उघडकीस आला आहे. ती सोय बंद करावी. पाहुण्यांना वाय-फाय द्यावयाचे तर ते वेगळ्या नावाने द्यावे, जेणेकरून त्यांच्या मोबाइलला आपला प्रिंटर दिसणार नाही.

ठराव करण्यापूर्वी

दुकानदाराकडून चार गोष्टी लेखी घ्याव्यात: टोनर व ड्रमची आजची किंमत आणि पाने, हमीची मुदत, दुरुस्ती कचेरीत होईल की यंत्र उचलून न्यावे लागेल ते, आणि सेवाकेंद्र आपल्या गावात आहे की परगावी. पुन्हा भरलेले टोनर स्वस्त असतात, पण पूड सांडून यंत्र बिघडल्यास हमीचा वाद निघतो. ते वापरावयाचे तर मुदत संपल्यावर आणि माहितीच्या माणसाकडूनच घ्यावेत. निकामी यंत्र व रिकामे टोनर कचऱ्यात टाकू नयेत. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांत प्रिंटर आणि त्यांचे कार्ट्रिज यांचा समावेश आहे. ते नोंदणीकृत पुनर्वापर केंद्राकडेच गेले पाहिजेत.

शेवटची गोष्ट बिनखर्चाची आहे. आजवर किती पाने छापली, याचा आकडा प्रत्येक यंत्र स्वतः ठेवते आणि मागितल्यास छापून देते. दर ३१ मार्चला तो डेडस्टॉक रजिस्टरमध्ये यंत्राच्या नावापुढे लिहावा आणि शेजारी वर्षभरातील टोनरचा खर्च मांडावा. पाच वर्षांनी पुन्हा ठराव येईल, तेव्हा मंडळावर कदाचित दुसरी माणसे असतील. त्यांना दरपत्रक कसे वाचावे, हे त्या एका ओळीवरून कळेल.