जांभळाचा अर्क, मेंदूचा दाह आणि एक फसवी प्लेट

जून लागला की विरार स्टेशनबाहेर जांभळं घेऊन बसलेल्या मावश्या दिसायला लागतात. आपल्या पालघर जिल्ह्यातल्या बहाडोलीच्या जांभळाला भौगोलिक मानांकन मिळाल्यापासून त्यांचा भावही जरा वधारलाय. आणि याच दिवसांत पीएचडीची तयारी करणाऱ्या कुणाचा तरी मला मेसेज येतो, "ताई, जांभळाच्या अर्काने मेंदूचा दाह कमी होतो का, हा टॉपिक घेऊ का?"

घ्या की. पण माझी पहिली प्लेट कशी फसली ते आधी वाचा.

मेंदूत मायक्रोग्लिया नावाच्या पेशी असतात. स्पेनच्या रिओ-ओर्तेगा यांनी 1919 मध्ये त्यांना हे नाव दिलं. या पेशी म्हणजे मेंदूचे राखणदार. जंतू किंवा मेलेली पेशी दिसली की त्या चवताळतात, नायट्रिक ऑक्साइड, टीएनएफ-अल्फा असे पदार्थ सोडतात आणि काम झालं की शांत होतात. अल्झायमर, पार्किन्सन यांसारख्या आजारांत मात्र त्या शांतच होत नाहीत, आणि मग शेजारच्या चांगल्या चेतापेशींनाही त्याची झळ बसते. म्हणून हा दाह आवरणारं काहीतरी सगळे शोधताहेत.

शोधायची नेहमीची पद्धत अशी. उंदराच्या मायक्रोग्लियापासून बनवलेल्या बीव्ही-2 पेशी 96 वेलच्या प्लेटमध्ये वाढवायच्या. त्यांना अर्क द्यायचा, मग एलपीएस. एलपीएस म्हणजे काही जिवाणूंच्या बाहेरच्या आवरणातला रेणू. तो दिसला की पेशींना वाटतं हल्ला झाला. दुसऱ्या दिवशी वरचं द्रावण काढून त्यातलं नायट्राइट ग्रीस अभिकर्मकाने मोजायचं. गुलाबी रंग येतो, 540 नॅनोमीटरला वाचायचा. रंग फिका म्हणजे दाह कमी.

माझा ग्राफ पुस्तकात छापावा असा आला होता. अर्क वाढवला की नायट्राइट कमी, आणखी वाढवला की आणखी कमी. मी घरी फोनसुद्धा केला. गाइडनी ग्राफ पाहिला आणि एवढंच विचारलं, "पेशींशिवाय करून पाहिलंस का?"

नव्हतं केलं. मग रिकाम्या वेलमध्ये सोडियम नायट्राइटचं माहीत असलेल्या मापाचं द्रावण घेतलं, त्यात अर्क घातला, वर ग्रीस. पेशी एकही नाही, तरी रीडिंग खाली! ग्रीसमध्ये आम्ल असतं. त्या आम्लात अर्कातली पॉलिफेनॉल्स नायट्राइटशी थेट भिडतात, आणि रंग बनायला नायट्राइट उरतच नाही. वर जांभळातलं अँथोसायनिन आम्लात लालभडक होतं आणि साधारण 520 नॅनोमीटरला प्रकाश शोषतं, म्हणजे 540 च्या अगदी शेजारी. एक चूक रीडिंग खाली ओढते, दुसरी वर ढकलते. मी मोजत होते ते रसायनशास्त्र, मेंदूचा त्याच्याशी काही संबंध नव्हता.

बरं, पेशी जिवंत होत्या ना? मेलेली पेशीही नायट्रिक ऑक्साइड बनवत नाही, तेव्हा हे पाहणं आलंच. त्यासाठी आपण एमटीटी करतो. जिवंत पेशी पिवळ्या एमटीटीचा जांभळा फॉर्मझान बनवतात. पण पॉलिफेनॉल्सनाही तेच काम पेशींशिवाय जमतं. माझ्या एमटीटीत सगळं ठणठणीत होतं आणि मायक्रोस्कोपखाली पेशी गोल होऊन तळ सोडून तरंगत होत्या. एमटीटी घालण्याआधी अर्क धुऊन काढा, आणि मशीनच्या आकड्याआधी स्वतःच्या डोळ्यांनी प्लेट बघा. यात कंटाळा करू नका.

तिसरा सापळा मला सगळ्यात धूर्त वाटतो. फळ झाडावरून, टोपलीतून, बाजारातून येतं, त्यावर जिवाणू असणारच. त्यांचं एलपीएस अर्कात उतरतं. 0.22 मायक्रॉनच्या फिल्टरने ते जात नाही, ऑटोक्लेव्हनेही धड जात नाही. आता एलपीएसची थोडी मात्रा आधी मिळालेल्या पेशी दुसऱ्या मोठ्या मात्रेला कमी टीएनएफ सोडतात, त्यांना सवय झालेली असते. म्हणजे तुम्ही आदल्या दिवशी अर्क दिलात आणि टीएनएफ उतरलं, तर श्रेय जांभळाचं की जांभळावरच्या जिवाणूंचं? अर्कातलं एंडोटॉक्सिन आधी मोजून घ्या.

हे सगळं पार केलंत तरी मोठा प्रश्न उरतोच. प्लेटमध्ये आपण सहज 100 मायक्रोग्रॅम प्रति मिली अर्क ओततो. माणसाने पोटभर जांभळं खाल्ली तरी रक्तातलं अँथोसायनिन सहसा एक मायक्रोमोलरच्याही खूप खाली राहतं, आणि पुढे रक्त आणि मेंदू यांच्यामधला अडसर आहेच. बरंचसं आतड्यातले जिवाणू फोडून टाकतात. डाळिंबाचं उदाहरण घ्या. त्यातल्या एलाजिटॅनिन्सपासून आतड्यातले जिवाणू युरोलिथिन बनवतात, आणि तेही सगळ्यांच्या पोटात सारखं बनत नाही. मग पेशींवर डाळिंबाचा रस ओतण्यापेक्षा युरोलिथिन घालून बघणं जास्त प्रामाणिक, नाही का? माझं मत विचाराल तर नवा टॉपिक इथे आहे. "अमुक फळाचा दाहशामक परिणाम" अशा शीर्षकाचे पेपर ढिगाने आहेत.

हळदीचंही बघा. कर्क्युमिनच्या 120 हून जास्त क्लिनिकल चाचण्यांनंतर 2017 मध्ये एका आढाव्याने सांगितलं की डबल-ब्लाइंड, प्लासिबो असलेली एकही चाचणी यशस्वी ठरलेली नाही. प्लेटमध्ये मात्र ते जवळजवळ प्रत्येक गोष्टीवर "काम" करतं, कारण ते चाचण्यांनाच फसवतं. आजीच्या हळदीच्या दुधाबद्दल माझी तक्रार नाही, ते वेगळं.

आणि हो, फळ कुठल्या झाडाचं, कधी तोडलं, साल घेतली की गर की बी, हे पहिल्या दिवशी लिहून ठेवा. झाडाची फांदी दाबून, वाळवून नमुना करा आणि ओळख पटवून घ्या. मुंबईत सेंट झेवियर्स कॉलेजात ब्लाटर हर्बेरियम आहे. हे मी पहिल्या वर्षी केलं नव्हतं, त्यामुळे तो अर्क नेमका कशाचा हे आज मलाही छातीठोकपणे सांगता येत नाही. तो टाकून दिला.

यंदा फळांबरोबर फांदीही आणली. ती वर्तमानपत्रात वाळतेय, अर्क उणे 80 च्या फ्रीझरमध्ये आहे. सोमवारी पहिली प्लेट लावायची आहे, पेशींशिवायची.