पहिल्या एकट्या उड्डाणाचे छायाचित्र

दिनांक १२ ते १४ जानेवारी २०२४ या तीन दिवसांत मुंबईच्या मरीन ड्राइव्हवर भारतीय वायुदलाची हवाई प्रात्यक्षिके झाली. गिरगाव चौपाटीच्या बाजूने आलेल्या हौशी मंडळींनी ‘सूर्यकिरण’ पथकाच्या विमानांची मनसोक्त छायाचित्रे टिपली. या पथकाची हॉक विमाने मूळची प्रशिक्षणाची आहेत. मात्र लष्करी वैमानिक होऊ इच्छिणारा प्रशिक्षणार्थी जेव्हा प्रथमच एकटा आकाशात जातो, तेव्हा ते पाहावयास अशी गर्दी नसते. परळ-लालबागच्या चाळीतून गेलेल्या मुलाच्या वा मुलीच्या त्या क्षणाचे एखादेच छायाचित्र घरी येते, व म्हणूनच ते नीट घेतलेले असावे लागते.

एकटे उड्डाण हे बहुधा काही मिनिटांचेच असते. धावपट्टीवरून उठावयाचे, विमानतळाभोवती एक फेरा घ्यावयाचा आणि पुन्हा उतरावयाचे. शिक्षकाची पूर्ण खात्री पटल्यानंतरच ही अनुज्ञा मिळते. दुरून पाहणाऱ्यास या उड्डाणात व आदल्या दिवशीच्या उड्डाणात काहीच फरक दिसत नाही. फरक असतो तो एका रिकाम्या आसनाचा. आणि ते आसन ज्यात दिसत नाही, ते छायाचित्र कितीही देखणे असले तरी केवळ विमानाचे ठरते.

रिकामे आसन कोणते, हे विमानागणिक बदलते. हैदराबादनजीक दुंडिगल येथील वायुदल अकादमीत २०१३ पासून असलेल्या पिलाटस पीसी-७ विमानात आसने एकामागे एक असतात. शिक्षक मागे बसतो, त्यामुळे तेथे मागील आसन रिकामे दिसावयास हवे. त्यापूर्वीच्या एचपीटी-३२ ‘दीपक’ विमानात दोघे शेजारी-शेजारी बसत. जुन्या मॉथ विमानांची रीत तर उलटी होती. तेथे शिक्षक पुढे व शिष्य मागे, म्हणून एकट्या उड्डाणात पुढची जागा मोकळी असे. मुंबईकरांनी विमानविद्येचे पहिले धडे जुहूच्या धावपट्टीवर अशाच विमानांतून घेतले. बॉम्बे फ्लाइंग क्लब १९२८ मध्ये स्थापन झाला व जे. आर. डी. टाटा यांना १० फेब्रुवारी १९२९ रोजी वैमानिकाचा पहिला भारतीय परवाना मिळाला. त्या काळची छायाचित्रे पाहताना पुढची रिकामी जागा ध्यानी घ्यावी.

आता प्रत्यक्ष टिपण्याविषयी. विमान वाऱ्याच्या दिशेकडे तोंड करून उतरते. वातदर्शक कापडी पिशवी पाहिली की ते कोणत्या टोकाकडून येईल, हे कळते. त्यानुसार, सूर्य पाठीशी ठेवून, नेमून दिलेल्या जागीच उभे राहावे. पंख्याच्या विमानासाठी कॅमेऱ्याचा वेग फार ठेवू नये. एक सहस्रांश सेकंदात पंखा गोठल्यासारखा दिसतो आणि विमान बंद पडल्याचा भास होतो. सुमारे १/१२५ ते १/२५० सेकंद वेग ठेवून कॅमेरा विमानाबरोबर सावकाश फिरवावा. उड्डाणापूर्वी मात्र प्रशिक्षणार्थ्याला थांबवून ‘इकडे पाहा’ म्हणू नये. त्याच्या मनात त्या वेळी तपासणीचा क्रम चालू असतो, आणि तो मोडण्याइतके मोल कोणत्याही छायाचित्राला नाही. उतरल्यावरही पंखा पूर्ण थांबेपर्यंत जवळ जाऊ नये.

हे सारे अर्थातच अनुमती असलेल्यांसाठी. वायुदलाची ठाणी १९२३ च्या शासकीय गुपिते अधिनियमानुसार निषिद्ध स्थाने आहेत. कुंपणाबाहेरून लांब पल्ल्याच्या भिंगाने, किंवा ड्रोन उडवून छायाचित्र घेण्याचा मोह आप्तांनी टाळावा. भिंग फोर्टमधील बोरा बझारात सहज मिळते, परवानगी तेथे मिळत नाही. अधिकृत छायाचित्रकाराने घेतलेली प्रत आस्थापनेमार्फत मागता येते. शाळेला किंवा ग्रामपंचायतीला माजी विद्यार्थ्याचे असे छायाचित्र लावावयाचे असल्यास मुख्याध्यापकांनी वा सरपंचांनी प्रथम त्याची स्वतःची संमती घ्यावी व त्याच्यामार्फतच प्रसिद्धीयोग्य प्रत मागवावी. चौकटीखाली नाव, दिनांक, विमानाचा प्रकार आणि कोणते आसन रिकामे आहे, एवढा मजकूर पुरे.