बिऱ्हाड बोटीवर, पाय बेटावर

ओझर म्हटलं की विमानं डोळ्यांपुढे येतात. मिगचा कारखाना, एचएएलची वसाहत, लांबलचक धावपट्टी. बेटांचं इथे काय काम? पण नकाशा उघडा. ओझर २० अंश उत्तर अक्षांशाच्या किंचित वर आहे आणि हवाई बेटांमधल्या सगळ्यात मोठ्या बेटाचं उत्तरेकडचं टोकही जवळपास त्याच रेषेवर येतं. म्हणजे ओझरकर हा अस्सल उष्ण कटिबंधातला माणूस. तिकडे बेटाला समुद्र, इकडे वावराला द्राक्षं, इतकाच फरक!

जगात काही मंडळी बोटीवरच बिऱ्हाड थाटतात. आज या बेटापाशी नांगर टाकायचा, उद्या त्या, आणि मधल्या वेळात उतरून पायी हुंदडायचं. अशी बोट घेणं सगळ्यांच्या खिशाला झेपणार नाही, पण या भटकंतीतल्या गमती वाचायला पैसे पडत नाहीत. शिवाय त्यातल्या बऱ्याच आपल्या कोकणातल्याच आहेत.

पंचवटीने थेट बेटावर

पंचवटी एक्स्प्रेसचे पासधारक बोटीत पाय न ठेवता बेटावर पोचतात. कळवा सोडून ठाण्यात शिरताना गाडी खाडी ओलांडते आणि साष्टी बेट सुरू होतं. खाडीवरचा इथला पहिला रेल्वेपूल १८५४ सालचा. मुंबईची सात बेटं भराव घालून जोडली गेली आणि पुढे साष्टीही त्यांना चिकटली. त्यामुळे दादरला उतरून चालू लागलात की तुमची बेटावरची पदयात्रा सुरूच झाली म्हणायची!

माती नाशिकची, बेट आंध्रचं

ओझरहून अरबी समुद्र सरळ रेषेत सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. पण ओझरच्या बाणगंगेचं पाणी तिकडे जात नाही. ते गोदावरीला मिळतं आणि पार देश ओलांडून बंगालच्या उपसागरात पोचतं. गोदावरीची एकूण लांबी १,४६५ किलोमीटर. वाटेत आपल्याच निफाड तालुक्यात, नांदूरमध्यमेश्वरला, गाळ साचून पाण्यात उंचवटे आणि बेटं तयार झाली. तिथेच पक्ष्यांची पंढरी वसली आणि २०२० साली महाराष्ट्राला पहिलं रामसर स्थळ मिळालं. नदीच्या मुखाशी, काकीनाड्यासमोर, गोदावरीने आणलेल्या वाळूतून गेल्या दोनेकशे वर्षांत ‘होप आयलंड’ नावाचं लांबट बेट उभं राहिलं. त्यात चार कण नाशिकचे नसतील असं कोण म्हणेल?

डार्विनला बोट लागायची

बोटीवर राहून पायी बेटं पाहणाऱ्यांचा मेरुमणी म्हणजे चार्ल्स डार्विन. १८३१ ते १८३६ अशी जवळपास पाच वर्षं त्याचा पत्ता एकच होता, ‘बीगल’ जहाज. पण त्याला बोट इतकी लागायची की संधी मिळाली रे मिळाली की स्वारी किनाऱ्यावर. हिशेब मांडला तर समुद्रावर गेली दीड वर्षं आणि जमिनीवर सव्वातीन! पोटात ढवळत नसतं तर गडी कदाचित डेकवरच बसून राहिला असता.

गालापागोस बेटांवर त्याने राक्षसी कासवांचा वेग मोजला. दहा मिनिटांत ६० यार्ड, म्हणजे ५५ मीटरच्या आसपास. मग त्यांच्या पाठीवर बसूनही पाहिलं. कवचाच्या मागच्या बाजूला टकटक केलं की कासव उठून चालायला लागायचं आणि हा तोल सांभाळत बसायचा.

मॉरिशसमध्ये हत्तीची स्वारी

१८३६ साली ‘बीगल’ मॉरिशसला लागलं. पुढे ज्या बेटावर मराठी कुटुंबं वसली आणि जिथल्या शाळांत आजही मराठी शिकवली जाते, तेच हे बेट. डार्विन तिथला ‘ल पूस’ हा डोंगर चढून गेला. उंची ८०० मीटरच्या वर, आणि माथा अंगठा दाखवल्यासारखा. मनमाडजवळची हडबीची शेंडी रेल्वेच्या खिडकीतून पाहिली असेल, तर वेगळं वर्णन नको. बेटावर हत्ती होता एकच, तोही तिथल्या सर्वेक्षण खात्याच्या प्रमुखाचा. परतीच्या वाटेवर डार्विनने त्याच्यावरूनही रपेट मारली. त्याला नवल कशाचं वाटलं? एवढं धूड चालतं, पण पावलांचा आवाज म्हणून नाही!

बोट थांबली, जमीन हलू लागली

बरेच दिवस बोटीवर काढून धक्क्यावर पाय ठेवला की जमीनच डोलायला लागते. यात घाबरण्यासारखं काही नसतं. लाटांवर तोल सांभाळायची मेंदूला सवय झालेली असते आणि जमीन स्थिर आहे हे पटायला त्याला थोडा वेळ लागतो. बहुतेकांचं काही तासांत, फार तर दोनेक दिवसांत ताळ्यावर येतं. तोवर बेटावरची पहिली चक्कर जराशी झोकांड्या खातच होते. बघणाऱ्यांचा गैरसमज झाला तर होऊ द्या.

नांगर जड हवा, पण दोरही लांब हवा

बेटावर भटकून आलात आणि बोट जागेवर नाही, यापेक्षा वाईट काय? बोट नुसत्या नांगराच्या वजनावर थांबत नाही. नांगर तळाशी आडवा पडून रुतावा लागतो आणि त्यासाठी दोर किंवा साखळी पाण्याच्या खोलीच्या साधारण पाच ते सातपट सोडतात. खोली चार मीटर असेल तर दोर वीस ते अठ्ठावीस मीटर. दोर तोकडा पडला तर लाट बोटीसोबत नांगरही उचलते आणि मग बोट निघाली एकटीच फिरायला. ही खोलीसुद्धा भरतीची धरायची. ओहोटीचं पाणी मोजून दोर सोडणारा भरतीला फसतो.

तिथीची पाऊणपट

भरती-ओहोटीचं वेळापत्रक तुमच्या भिंतीवरच्या पंचांगात दडलेलं आहे. कोकण किनाऱ्याचा जुना ठोकताळा असा: तिथीला पाऊणने गुणा, भरतीची वेळ हातात. चतुर्थीला चार गुणिले पाऊण, म्हणजे तीन. पहाटे तीनच्या सुमाराला भरती आणि दुपारी तीनच्या पुढेमागे पुन्हा. अष्टमीला सहा, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा. त्यात सहा तास मिळवले की ओहोटी. शुद्ध पक्ष असो की वद्य, हिशेब तोच.

यामागे जादू नाही. चंद्र रोज सुमारे ५० मिनिटं उशिरा उगवतो आणि भरतीही त्याच्यामागोमाग तेवढीच सरकते. पाऊण तास धरला की हिशेब तोंडी जमतो. वेळ मिनिटाला मिनिट जुळणार नाही, पण ‘आत्ता निघू की जेवून निघू’ एवढं नक्की ठरतं.

चालत जाण्याचा जलदुर्ग

अलिबागचा कुलाबा किल्ला भरतीला बेट असतो आणि ओहोटीला चक्क पायी जाण्याचं ठिकाण. ज्यांना ओल्या वाळूत पाय बुडवायचे नाहीत त्यांच्यासाठी घोडागाडी. शिवरायांनी अखेरच्या काळात इथलं काम हाती घेतलं आणि पुढे कान्होजी आंग्र्यांच्या आरमाराचं हे मोठं ठाणं झालं. वरचा पाऊणपटीचा हिशेब इथे वापरून बघा. पंचमीला भरती पावणेचारच्या सुमाराला, म्हणजे सकाळी दहाच्या आसपास वाळू उघडी. अष्टमीच्या आसपास मात्र भांगाची भरती-ओहोटी, तेव्हा पाणी फारसं मागे हटत नाही आणि वाट नीट मोकळी होत नाही. निघण्याआधी किनाऱ्यावरच्या माणसाला विचारायचं आणि पाणी चढायच्या आत परत फिरायचं.

दगड झिजला, चुना उरला

जंजिऱ्याच्या सिद्दीला शह द्यायला शिवरायांनी मुरूडसमोरच्या कासा बेटावर पद्मदुर्ग बांधला. होडीतून तो साध्या तटबंदीसारखा दिसतो. उतरून भिंतीपाशी जा आणि हात लावून बघा. खारा वारा आणि लाटांनी दगड बोटबोट आत झिजलेत, पण दोन दगडांमधला चुना जसाच्या तसा बाहेर आलेला. भिंतीवर कुणी जाळं अंथरलंय असं वाटतं. दगडाला पुरून उरणारा चुना कालवणारे ते गवंडी कोण होते, त्यांची नावं कुठल्या शिलालेखात नाहीत.

दगड वाजवा

खांदेरी बेटावर एक दगड आहे. त्यावर दुसरा दगड आपटला की ठक्क नाही, धातूच्या भांड्यासारखा टण्ण आवाज येतो. तिथेच १८६७ सालचं दीपगृह आहे आणि कोळ्यांचा वेताळही. जुलै २०२५ मध्ये मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत गेले. त्यात खांदेरी, सुवर्णदुर्ग, सिंधुदुर्ग हे समुद्रातले आणि आपल्या नाशिक जिल्ह्यातला साल्हेरही. दीड हजार मीटरहून उंच आणि लाटेच्या उंचीवरचा, दोघांचा मान एकाच यादीत!

खाऱ्याच्या मधोमध गोड

मालवणच्या कुरटे बेटावर १६६४ साली सिंधुदुर्गाचं काम सुरू झालं. चहूकडे खारं पाणी आणि किल्ल्यात तीन गोड्या विहिरी: दूधबाव, दहीबाव, साखरबाव. नावांतच चव!

लक्षद्वीपची कथा आणखी न्यारी. ३६ बेटं, वस्ती दहांवर, आणि सगळ्यांचं मिळून क्षेत्रफळ ३२ चौरस किलोमीटर. नदी नाही, डोंगर नाही. पावसाचं पाणी प्रवाळाच्या वाळूत मुरतं आणि हलकं असल्यामुळे खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतं. समुद्रसपाटीच्या वर गोडं पाणी एक मीटर असलं, तर खाली ढोबळमानाने चाळीस मीटरपर्यंत. मात्र उपसा जास्त झाला की खालचं खारं पाणी वर सरकलंच.

पोहता न येणारा खेकडा

अंदमान-निकोबारमधला नारळी खेकडा चार किलोपर्यंत भरतो आणि पाय पसरले की एक मीटर. पिल्लू असताना समुद्रात, पण मोठा झाल्यावर पाण्यात टाकला तर बुडून मरतो! नारळ सोलायची त्याची रीत डार्विनने कीलिंग बेटांवर टिपून घेतली होती. तीन डोळे ज्या बाजूला असतात तिकडून धागा धागा ओढून सोलायचं, मग डोळ्यावर नांगीचे घाव. शेंडी कुठे असते हे त्याला कुणी शिकवलं?

घरबदलाची रांग

मोकळ्या शंखात राहणारा शंखखेकडा वाढला की घर बदलतो. किनाऱ्यावर मोठा रिकामा शंख पडला की काही जातींचे खेकडे उंचीप्रमाणे रांग लावतात. सगळ्यात मोठा नव्या घरात शिरला की दुसरा त्याच्या जुन्यात, तिसरा दुसऱ्याच्या. म्हाडाची सोडत नाही, दलाल नाही. म्हणून बेटावरून शंख खिशात घालून आणू नका, कुणाचा तरी ताबा अडतो.

पांढरी वाळू आली कुठून?

प्रवाळबेटांच्या शुभ्र वाळूत लोळण्याआधी एक माहिती. पोपटमासा शेवाळासाठी प्रवाळ कुरतडतो, दगड चावून पीठ करतो आणि मागून वाळू सोडतो. मोठ्या जातीचा एकच मासा वर्षाला शेकडो किलो! बाकी लोळायला हरकत नाही.

या झाडाखाली पावसात उभं राहू नका

कॅरिबियन बेटांवर मँचिनील नावाचं झाड असतं. फळ सफरचंदासारखं गोंडस, पण चीक असा जहाल की पावसात झाडाखाली थांबलात तरी गळणाऱ्या थेंबांनी अंगावर फोड येतात. बुंध्याला लाल पट्टा दिसला तर लांबूनच नमस्कार. आपल्या कोकणात हे झाड नाही, तेव्हा माडाखाली खुशाल बसा. फक्त वर नारळ पिकलेत का बघून.

बेटावर जन्मलेल्या होड्या

एकट्याने शिडाच्या होडीतून जगप्रदक्षिणा करणारे पहिले भारतीय म्हणजे कमांडर दिलीप दोंदे. २००९-१० मध्ये चारच बंदरांत थांबून त्यांनी ती पुरी केली. त्यांची ५६ फुटी ‘म्हादेई’ गोव्यात मांडवीतल्या दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या कारखान्यात बांधली गेली. नंतरची ‘तारिणी’ही तिथलीच. जानेवारी २०२५ मध्ये नौदलाच्या दिलना आणि रूपा या दोघी ‘तारिणी’ घेऊन पॉइंट निमोवरून गेल्या. तिथून कुठल्याही दिशेला सर्वांत जवळची जमीन २,६८८ किलोमीटर. अशा ठिकाणी जवळचे शेजारी म्हणजे डोक्यावरून जाणारे अंतराळवीर! दिवाडीला जायला मात्र रायबंदरहून फेरीबोट पुरते आणि पायी माणसाला तिकीट नाही.

जायचंच असेल तर

पावसाळ्यात समुद्राच्या वाट्याला जाऊ नका, जलदुर्गांच्या होड्या तेव्हा बंदच असतात. घारापुरीची लेणी सोमवारी बंद. लक्षद्वीपला आधी परवाना काढावा लागतो. शेवाळलेल्या पायऱ्यांवर स्लीपर घसरते, पट्ट्याची चप्पल किंवा बूट घाला. पाणी घरून न्या आणि रिकामी बाटली परत आणा. आणि उतरताना सगळ्यात आधी तांडेलाला परतीची वेळ विचारून घ्या. शेवटची होडी चुकली, तर बेटावर मागून येणारी एसटी नसते.