गॅसचे पेव
(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

कळमन्याच्या मार्केट यार्डात सकाळी एक चक्कर मारली, की साठवणूक म्हणजे काय हे कुणाला समजावून सांगावे लागत नाही. आंबिया बहाराची संत्री आली की गाड्यांची रीघ लागते, मग शुकशुकाट, मग मृगाची संत्री. मिरची हंगामात एकदम येते आणि खाल्ली मात्र वर्षभर जाते, म्हणून त्या भागात शीतगृहे उभी राहिली. माल येण्याचा दिवस एक आणि माल लागण्याचा दिवस दुसरा. या दोन दिवसांमधले जे अंतर, त्याचेच भाडे गोदामवाला घेतो.

समृद्धी महामार्गाच्या कडेने मुंबईहून नागपूरकडे गॅसची मोठी पाइपलाइन टाकली गेली, तेव्हा यार्डातल्या एका अडत्या मित्राने मला विचारले, "भाई, पाइप आला ते ठीक. पण याचं गोदाम कुठाय?" मी कवितेचा माणूस. उत्तर माझ्याजवळ नव्हते. पण प्रश्न मुळावर बोट ठेवणारा होता, म्हणून वाचत गेलो. जे हाती लागले ते आज आपल्यापुढे ठेवतो.

पहिली गोष्ट ही, की आपल्या देशात नैसर्गिक वायूचे असे भूमिगत गोदाम अजून एकही चालू नाही. कच्च्या तेलाची आहेत. विशाखापट्टणम, मंगळूर आणि पादूर येथे खडक कोरून केलेल्या गुहांत मिळून ५३ लाख टनांहून अधिक तेल मावते. विशाखापट्टणमला स्वयंपाकाच्या गॅसचीही अशी गुहा आहे. नैसर्गिक वायूच्या बाबतीत मात्र आपण हातावर पोट असल्यासारखे जगतो. पाइपमध्ये असेल तेवढा आणि बंदरावरच्या टाक्यांत असेल तेवढा. या टाक्यांत वायू उणे १६२ अंशांपर्यंत थंड करून द्रवरूपात ठेवतात. तसे केले की तो सहाशे पटीने आकसतो. पण कितीही जपले तरी त्याची थोडी थोडी वाफ होतच राहते. बर्फाच्या गोळ्यासारखे आहे ते. चार दिवस ठेवायला ठीक, सहा महिने ठेवायला परवडत नाही.

याने आपले काय बिघडते? २०२२ साली युक्रेनचे युद्ध सुरू झाले. रशियन कंपनीच्या एका शाखेशी 'गेल'चा दीर्घ मुदतीचा करार होता, त्यातली जहाजे येईनाशी झाली. गेलला ग्राहकांचा पुरवठा कमी करावा लागला आणि त्यात खतांचे कारखानेही होते. आपला युरिया बहुतांशी नैसर्गिक वायूपासूनच होतो. वायूतून हायड्रोजन, त्यातून अमोनिया, त्यातून युरिया. अलिबागजवळच्या थळच्या कारखान्यात हेच चालते. आपल्याला लागणाऱ्या वायूपैकी जवळपास निम्मा बाहेरून येतो. तेव्हा दूर कुठे तरी जहाज अडले, तर त्याची कळ खरिपाच्या तोंडावर कृषी केंद्राच्या दारातल्या रांगेपर्यंत पोहोचू शकते. हे गोदाम फक्त शहरातल्या गाड्यांसाठी आणि शेगड्यांसाठी नाही, ते यासाठी.

मग वायू ठेवायचा कुठे? जगाने याचे उत्तर फार पूर्वी शोधले. १९१५ साली कॅनडातल्या ओंटारिओत आणि पुढच्याच वर्षी अमेरिकेत बफेलो शहराजवळ, ज्या जमिनीतून वायू काढून संपवला होता तिथेच तो पुन्हा भरून ठेवला गेला. आज जगात अशी सहाशेहून अधिक भूमिगत गोदामे आहेत आणि त्यांत मावणाऱ्या वायूचा मोठा हिस्सा संपलेल्या वायुक्षेत्रांतच असतो. उन्हाळ्यात भरायचा आणि हिवाळ्यात शेकोट्या पेटल्या की काढायचा, हा युरोपचा रिवाज. २०२२ च्या धक्क्यानंतर तर युरोपीय संघाने हिवाळ्यापूर्वी गोदामे किती भरलेली असली पाहिजेत याचा कायदाच केला.

संपलेले वायुक्षेत्र म्हटले की डोळ्यांपुढे रिकामी गुहा येते. तसे ते नसते. तो असतो सच्छिद्र खडक. कामठीचा लालसर वालुकाश्म आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. पक्क्या विटेवर पाणी ओतले तर ती पिते, तसाच हाही पाणी पितो. अशा खडकाच्या बारीक छिद्रांत वायू भरलेला असतो आणि वर चिकणमातीच्या घट्ट खडकाचे पालथ्या कढईसारखे झाकण असते. खडक सच्छिद्र हवा आणि झाकण मात्र मुळीच नको, असा हा चोखंदळ प्रकार.

आमच्या दादीच्या माहेरी, वर्धेकडच्या एका खेड्यात, ज्वारीचे पेव होते. पेव कुठेही खणत नसत. ओल नसलेली, घट्ट मुरमाची जागा पाहायची. आतून लिंपायचे, कडबा लावायचा, ज्वारी भरायची, तोंडावर दगड ठेवून मातीने बंद करायचे. उघडल्यावर लगेच कुणी आत उतरत नसे. आधी कंदील सोडायचा. तो विझला तर आतली हवा जीवघेणी आहे असे समजून दिवसभर तोंड उघडे ठेवायचे. या एका कंदिलात सगळी चाचणी आली. वायुक्षेत्राचीही चाचणी हीच, फक्त कंदील दोन-दोन किलोमीटर खोल सोडावा लागतो.

तिथले तज्ज्ञ आधी जुन्या वह्या काढतात. कोणत्या वर्षी किती वायू निघाला आणि दाब किती उतरला. थोडा गणिती हिशेब करून हे बिंदू कागदावर मांडले, की बंद भांड्याच्या बाबतीत सरळ रेषा येते. ती रेषा पुढे वाढवली की मूळ भांडे केवढे होते ते कळते. रेषा वाकली, तर बहुधा खालून पाणी घुसते आहे. ज्या छिद्रांतून वायू गेला त्यांत पाणी येऊन बसले, तर नव्या वायूला आधी त्याला हुसकावून लावावे लागते. कागदावरची ही वाकडी रेषा पुष्कळ बेत तिथेच मोडते.

नंतर खडकाचे तुकडे प्रयोगशाळेत जातात. वायू किती मावतो हा एक प्रश्न, आणि तो किती वेगाने आत-बाहेर होतो हा दुसरा. गोदाम मोठे आणि दार एवढेसे असेल तर गर्दीच्या दिवशी त्याचा उपयोग काय? विहीर काही काळ बंद ठेवून दाब कसा चढतो ते मोजतात. किती दाबाला खडक तडकू लागतो हेही पाहतात, म्हणजे त्याच्या बरेच अलीकडे थांबता येते. सरतेशेवटी थोडा थोडा वायू प्रत्यक्ष आत भरायचा आणि आजूबाजूच्या निरीक्षण विहिरींवर नजर ठेवायची. भरला तेवढा आत आहे ना, एवढेच पाहायचे. आपल्या यार्डातल्या काट्याचे काम.

एक खर्च मात्र सामान्य माणसाला पटत नाही. तोटीच्या माठात तोटीच्या खाली राहिलेले पाणी कधीच गडव्यात येत नाही, पण ते नसेल तर तोटीला धार लागत नाही. तसाच या गोदामात दाब टिकवण्यासाठी कायमचा वायू ठेवावा लागतो. त्याला 'गादीचा गॅस' म्हणू या. संपलेल्या क्षेत्रात तो एकूण वायूच्या साधारण निम्मा असतो. म्हणजे एक पोते विकायचे तर एक पोते तळाशी कायमचे पुरून ठेवायचे. ब्रिटनने उत्तर समुद्रातले 'रफ' हे आपले सर्वांत मोठे गोदाम विहिरी जुन्या झाल्या म्हणून २०१७ साली बंद केले आणि गादीचा गॅसही काढून विकायला सुरुवात केली. पाच वर्षांनी युद्धाने दार ठोठावले. २०२२ च्या ऑक्टोबरात तेच गोदाम घाईघाईने अंशतः पुन्हा उघडावे लागले.

या विद्येचे पुरस्कर्ते एक युक्तिवाद नेहमी करतात. ज्या झाकणाने कोट्यवधी वर्षे वायू धरून ठेवला, ते आणखी पन्नास वर्षे धरेलच. युक्तिवाद चांगला आहे, पण अर्धा आहे. कोट्यवधी वर्षे त्या झाकणाला माणसाने भोके पाडलेली नव्हती. कॅलिफोर्नियातल्या अलिसो कॅन्यन या जुन्या तेलक्षेत्रातल्या गोदामात १९५३ साली खोदलेली एक विहीर होती. तिचा नळ गंजला आणि ऑक्टोबर २०१५ मध्ये फुटला. गळती थांबायला फेब्रुवारी उजाडला. तोवर सुमारे एक लाख टन मिथेन हवेत गेला होता आणि हजारो कुटुंबांना घरे सोडून राहावे लागले होते. खडक शाबूत होता, दगा दिला तो नळाने.

दुसरे उदाहरण स्पेनचे. तिथे 'कास्तोर' या प्रकल्पात किनाऱ्याजवळच्या समुद्रातल्या एका संपलेल्या तेलक्षेत्रात वायू साठवायचा होता. सप्टेंबर २०१३ मध्ये गादीचा गॅस भरला जात असताना जमीन हलू लागली. शेकडो धक्के बसले, त्यांतले मोठे चारच्या पुढचे. प्रकल्प थांबला तो कायमचा, आणि कंपनीला सुमारे १३५ कोटी युरोंची भरपाई मिळाली. हा पैसा वायूच्या ग्राहकांच्या बिलांतून वसूल करायचे ठरले होते. पुढे त्यावर कोर्टकचेऱ्या झाल्या. बोलायला मला कुणी ठेवले नाही, पण धक्के ज्याला बसले त्यानेच बिलही भरायचे, हा न्याय मला तरी कळला नाही.

आपण महाराष्ट्रातल्यांनी तरी अशा वेळी 'असे कुठे होते का' म्हणू नये. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा कोयनेचा भूकंप आपल्या घरातला आहे. तिथे वायू नव्हता, धरणाचे पाणी होते. पण भरलेल्या पाण्याचा भार आणि दाब खोलवरच्या जुन्या भेगांना जागवतो, असेच शास्त्रज्ञ सांगतात. त्याचाच अभ्यास करण्यासाठी त्या भागात सुमारे तीन किलोमीटर खोल भोक पाडले गेले. बंद जागेत दाब वाढवायचा असेल तर आधी शेजारच्या भेगा कुठे आहेत ते विचारावे, हा धडा आपण मोठी किंमत मोजून शिकलो आहोत.

मग आपले गोदाम कुठे? कळमन्याखाली तर नाहीच. नागपूरच्या पश्चिमेला काळा पाषाण आणि पूर्वेला त्याहून कितीतरी जुना स्फटिकी खडक. त्याखाली वायूची कढई नाही. ती आहे मुंबईच्या समुद्रात. 'सागर सम्राट'ने १९७४ साली बॉम्बे हायला तेल शोधले, १९७६ मध्ये वसईचे वायुक्षेत्र सापडले. सुरुवातीच्या वर्षांत तेलाबरोबर येणारा बराचसा वायू न्यायची सोय नव्हती म्हणून समुद्रातच जाळला जात असे. त्या ज्वाळांचे फोटो पाहून तेव्हा आपल्याला अभिमान वाटे. समुद्रातल्या गोदामाला खर्च फार. गुजरातेत खंबायत-अंकलेश्वरकडची जमिनीवरची जुनी क्षेत्रे त्या मानाने स्वस्त पडतील, पण तिथे विहिरींच्या शेजारी शेते आहेत, घरे आहेत. तेव्हा निरीक्षण विहिरीचे आकडे त्या गावच्या ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागणार की फक्त कंपनीच्या दप्तरात राहणार, हे खणण्याआधी ठरले पाहिजे.

आणखी एक गोष्ट, घाईची. मुंबईच्या उत्तरेला समुद्रात ताप्ती नावाचे वायुक्षेत्र होते. त्याचे उत्पादन २०१६ च्या सुमारास थांबले आणि तिथले जुने फलाट काढण्याचे काम हाती घेतले गेले. क्षेत्र संपले की विहिरी सिमेंटने कायमच्या बुजवायच्या, हा नियम आहे आणि तो योग्यही आहे. पण बुजवलेली विहीर चाचणीला मिळत नाही, नवी खणायची तर पुन्हा तेवढाच खर्च. म्हणून जुन्या वह्या उघडून ती रेषा सरळ येते की वाकते हे पाहायचे असेल, तर ते सिमेंट ओतण्याच्या आधी पाहावे लागते.