अर्धवट मनोऱ्याचे मेखेलन

बेल्जियममध्ये ब्रसेल्स आणि अँटवर्पच्या मधोमध मेखेलन हे जुने फ्लेमिश गाव आहे. तिथल्या संत रुम्बोल्ड कॅथेड्रलचा मनोरा बांधायला १४५२ मध्ये सुरुवात झाली. बेत १६७ मीटरचा होता असे सांगतात; १५२० च्या सुमारास काम ९७ मीटरवर थांबले, ते कायमचेच. आणि तेही गावाच्या भरभराटीच्या दिवसांत! ऑस्ट्रियाची मार्गारेट १५०७ पासून नेदरलँड्सचा कारभार इथूनच पाहत होती. पुढे सम्राट झालेला तिचा भाचा पाचवा चार्ल्स इथेच वाढला. १५३० मध्ये ती वारली, दरबार ब्रसेल्सला गेला आणि गावाचे राजधानीपण संपले. मेखेलनचे नाव पुढे जगभर गेले ते या अपुऱ्या मनोऱ्यातल्या घंटांमुळे.

मनोऱ्यात प्रत्येकी ४९ घंटांची दोन वाद्ये, म्हणजे कॅरिलॉन, आहेत. देवळातल्या घंटेसारखीच इथेही घंटा जागची हलत नाही, हलतो तो आतला लोलक. प्रत्येक लोलकाची तार खालच्या खोलीतल्या लाकडी दांड्याला जोडलेली असते. वादक बाकावर बसून सैल मुठींनी हे दांडे दाबतो आणि जड घंटांसाठी पाय वापरतो. एकदा वाजलेला स्वर मध्येच थांबवता येत नाही. तो विरत असतानाच पुढचा येतो, म्हणून कुठे वाजवायचे याइतकेच कुठे थांबायचे हेही कळावे लागते.

ही कला नगरपालिकेच्या पोटापाण्याच्या नोकरीतून मैफलीत आणली ती येफ देनाइन यांनी. वडिलांची दृष्टी गेल्यावर त्यांनी मनोऱ्यातले काम हाती घेतले. तारांची यंत्रणा सुधारून त्यांनी वादन हलके केले आणि लहान घंटांवर झरझर आघात करून स्वर लांबवण्याची शैली रुजवली. १८९२ पासून ते उन्हाळ्यात सोमवारी संध्याकाळी वाजवू लागले. मनोऱ्याखालच्या गल्ल्यांत लोक ऐकायला जमत. १९२२ मध्ये त्यांच्या पुढाकाराने कॅरिलॉनची जगातली पहिली शाळा इथे निघाली. तिथे शिकलेले कामिएल लेफेव्हर पुढे न्यूयॉर्कला रॉकफेलर यांनी दिलेल्या कॅरिलॉनचे वादक झाले. तोवर बापाकडून मुलाकडे जाणारी विद्या आता परक्या मुलखातल्या कुणालाही शिकता येऊ लागली.

याच मनोऱ्याने गावाला एक टोपणनावही दिले. १६८७ च्या जानेवारीतल्या एका रात्री दारूच्या गुत्त्यातून बाहेर पडलेल्या माणसाला मनोरा लालभडक दिसला. त्याने ‘आग, आग!’ अशी बोंब ठोकली. लोक बादल्या घेऊन जिने चढले आणि वर गेल्यावर उमगले, की धुक्यातून चंद्राचा उजेड पडला होता. शेजारच्या गावांनी त्यांना ‘चंद्र विझवणारे’ म्हणून चिडवले. मेखेलनकरांनी पुढे तेच नाव अभिमानाने मिरवले.

शेजाऱ्यांशी चालणारी ही थट्टा दोन्ही बाजूंनी चालते. मिरवणुकीत चादरीवर उडवला जाणारा एक लाकडी बाहुला इथे १६४७ पासून आहे. १७७५ मध्ये तो गर्दीत एका अँटवर्पकराच्या अंगावर पडू लागला. त्याने स्वतःला वाचवायला हात वर केले, तर लोकांनी त्याला चोर ठरवून चोपले. तेव्हापासून बाहुल्याला अँटवर्पकरांचेच टोपणनाव चिकटले. मूळ बाहुला आता संग्रहालयात असतो, चादरीवर उडते ती त्याची प्रतिकृती.

पण गाव जपते त्या सगळ्या आठवणी हसण्यासारख्या नाहीत. १९४२ ते १९४४ या काळात इथल्या दोसिन बराकीतून पंचवीस हजारांहून अधिक ज्यू आणि रोमा लोकांना नाझींनी बाहेर धाडले, बहुतेकांना आउशवित्सला. त्यांतले फार थोडे परतले. आज तिथे स्मारक आणि संग्रहालय आहे.

गावाची सर्वांत मोठी मिरवणूक दर पंचवीस वर्षांनी निघते. तिच्यातल्या महाकाय पुतळ्यांची परंपरा २००५ मध्ये युनेस्कोने गौरवली. मागची मिरवणूक २०१३ मध्ये झाली, पुढची २०३८ मध्ये. इतक्या अंतराने येणारा सोहळा एका माणसाच्या हयातीत तीन-चारदाच दिसतो. म्हणून प्रत्येक वेळी पाहिलेल्यांनी न पाहिलेल्यांना शिकवावेच लागते. घंटांच्या शाळेचा आणि या मिरवणुकीचा धर्म एकच आहे.