यंत्रावरचा नंबर

अमेरिकन बनावटीच्या जुन्या पॉकेट वॉचचे मागचे झाकण उघडले की बहुधा दोन नंबर दिसतात. एक केसवर, दुसरा आतल्या यंत्रावर. नवशिके केसवरचा नंबर टिपून घेतात आणि भलताच पार्ट मागवून बसतात. त्या काळी यंत्र आणि केस सर्रास वेगवेगळे विकले जात. गिऱ्हाईक आधी यंत्र पसंत करी, मग ऐपतीप्रमाणे चांदीची, सोन्याची किंवा निकेलची केस त्याला बसवून घेई. म्हणून खरा नंबर यंत्रावरचा. त्यावरून साधारण साल, मॉडेल, ग्रेड, आकार आणि ज्युएल (चाकांच्या अक्षांची टोके ज्यांच्या भोकांत फिरतात ते खडे) किती हे कळते. शंभर वर्षांपूर्वीचे घड्याळ घरच्या टेबलावर दुरुस्त करण्याचा छंद उभा आहे तो या नंबरावर.

नंबरावरून पार्ट मागवता येतो, याचे श्रेय जाते मॅसॅच्युसेट्समधल्या एका हट्टाला. 1850 मध्ये आरॉन डेनिसन आणि एडवर्ड हॉवर्ड यांनी रॉक्सबरी इथे घड्याळाचा कारखाना काढला आणि 1854 मध्ये तो चार्ल्स नदीकाठी वॉल्थमला हलवला. तोवर युरोपात कारागीर एकेक भाग कानशीने घासून त्या त्या घड्याळापुरता बसवत. डेनिसनला भाग यंत्रावर काढायचे होते, एकासारखा एक. मालक बदलले, दिवाळे निघाले, पण ही पद्धत टिकली. 1876 च्या फिलाडेल्फिया प्रदर्शनात वॉल्थमची आपोआप स्क्रू काढणारी यंत्रे पाहून स्विस कारखानदार हादरले. पुढे वॉल्थमने जवळपास चार कोटी आणि 1864 मध्ये इलिनॉयमध्ये सुरू झालेल्या एल्जिनने सुमारे सहा कोटी घड्याळे बनवली. आज पार्ट मिळतात ते या अफाट संख्येमुळे.

दर्जाला धार लावली रेल्वेने. 18 एप्रिल 1891 रोजी ओहायोतल्या किप्टनजवळ दोन गाड्या समोरासमोर धडकल्या. एका ड्रायव्हरचे घड्याळ मध्येच काही मिनिटे थांबले होते, असे सांगतात. त्यानंतर वेब बॉल या जवाहिऱ्याने रेल्वेच्या घड्याळांसाठी तपासणीची कडक पद्धत बसवली. आठवड्यात 30 सेकंदांहून जास्त फरक चालत नसे, आणि घड्याळ पाच निरनिराळ्या स्थितींत जुळवलेले लागे. लँकेस्टरच्या हॅमिल्टन कंपनीचे 992 हे या जातीचे नामांकित घड्याळ. यंत्र मोठे आणि मजबूत असल्याने शिकणाऱ्याचाही त्यावर हात बसतो.

अशा घड्याळांत सर्वांत जास्त मोडतो तो बॅलन्स स्टाफ. बॅलन्स चाक ज्यावर फिरते तो हा अक्ष, आणि त्याच्या टोकांचे पिव्होट जेमतेम एक दशांश मिलिमीटर जाडीचे. घड्याळ हातातून पडले की पहिला घाव तिथेच बसतो. दुरुस्ती सुरू करण्यापूर्वी मेनस्प्रिंगची चावी सावकाश उतरवावी लागते, नाहीतर साठलेला सगळा जोर एका झटक्यात सुटून चाकांचे दात जातात. मग बॅलन्स बाहेर काढायचा, हेअरस्प्रिंग आणि रोलर सोडवायचे, जुन्या स्टाफचे रिव्हेट लेथवर छिलून काढायचे आणि नवा स्टाफ स्टेकिंग सेटवर हलक्या ठोक्यांनी बसवायचा. शेवटी चाक डुगडुगत नाही ना आणि एका बाजूला जड नाही ना, हे पाहायचे.

इथेच एकासारख्या एक भागांची मर्यादा कळते. मॉडेल तेच असले तरी स्टाफ वेगवेगळ्या जाडीच्या पिव्होटचे येत, कारण ज्युएलचे भोक सगळीकडे अगदी सारखे नसे. म्हणून नंबरावरून ग्रेड काढल्यावरही मायक्रोमीटर हातात घ्यावाच लागतो.

आता मूळ कारखाने हे पार्ट बनवत नाहीत. वॉल्थममधले घड्याळांचे काम 1957 मध्ये थांबले, हॅमिल्टनने 1969 मध्ये अमेरिकेतले उत्पादन बंद केले. मिळतात ते तीन वाटांनी: निवृत्त घड्याळजींच्या दुकानांतून निघालेले छापील पाकिटांतले जुने साठे, 1943 मध्ये स्थापन झालेल्या आणि पेनसिल्व्हेनियातल्या कोलंबिया इथे संग्रहालय चालवणाऱ्या राष्ट्रीय घड्याळ संग्राहक संघटनेचे मेळावे, आणि बंद पडलेली, केस नसलेली यंत्रे. सोन्याचा भाव चढला की केस वितळवल्या जातात आणि यंत्रे उघडी पडतात. छंदिष्ट ती स्वस्तात घेतात आणि दोनांतून एक चालते करतात.

एक गोष्ट मात्र जपायला हवी. अंधारात चमकावे म्हणून जुन्या तबकड्यांना आणि काट्यांना रेडियमचा रंग देत. चमक विझली तरी रेडियम तसेच राहते; निम्मे व्हायलाच त्याला 1,600 वर्षे लागतात. तो रंग खरवडू नये, त्याची धूळ नाकातोंडात जाऊ देऊ नये.

या छंदाचे मोल मला वाटते ते त्यातल्या जबाबदारीत. शिल्लक पार्टचा साठा दरवर्षी घटतच जाणार. घाईत मोडलेला एक स्टाफ म्हणजे कुणाच्या तरी आजोबांच्या घड्याळाचा हुकलेला पार्ट. म्हणून नवशिक्याने आधी भंगारातल्या यंत्रावर हात बसवावा, आणि घरात बंद घड्याळ सापडले तर कितीही गंजलेले असो, ते टाकू नये. त्याच्या यंत्रावरचा नंबर लिहून ठेवावा. ते स्वतः चालले नाही, तरी त्यातले एखादे चाक दुसरे घड्याळ चालवू शकते.